बशीरभाई, मान कशाला झुकवलीत?

बशीरभाई, कंपनीने वेबसाइटवर तुमचा फोटो लावलाय. सोलच्या राजवाड्यासमोरचा, कोरियन अंगरख्यातला. त्यात ती काळी टोपी तिरकी झालीय आणि तुम्ही हसू दाबताय. तुमच्या शेजारी मी उभी होते. मला कापलंय, माझा एक खांदा तेवढा राहिलाय. खाली इंग्रजीत लिहिलंय की आमच्या कुटुंबातला एक माणूस आम्ही गमावला. आणि त्याच्याच खाली वसंतातल्या कोरिया सहलींचं बुकिंग सुरू झाल्याची जाहिरात. चेरीच्या फुलांसकट.

कुटुंब म्हणे. कुटुंबातलं माणूस गेलं तर लोक घरी येतात. चपला दारात काढतात आणि काही सुचत नाही म्हणून नुसते बसून राहतात. तुमच्या घरी कंपनीकडून कोण आलं सांगू? फुलं आली. कुरिअरने. आपला आखाताचा साहेब मिस्टर लिम दुबईत असतो. विमान वर चढलं की उतरायला लागतं, एवढंच ते अंतर. तोही आला नाही. त्याच्या ऑफिसातून मला निरोप आला की तुमच्याबद्दल दोन परिच्छेद लिहून द्यावेत, इंग्रजीत, आणि शक्यतो 'पॉझिटिव्ह' असावेत. मी लिहायला बसले. 'ही वॉज' एवढं लिहिलं आणि पुढे बोटं हलेनात.

म्हणून हे मराठीत लिहितेय. दुबईत आणि सोलमध्ये हे कोणाला वाचता येणार नाही, आणि 'पॉझिटिव्ह' करून द्या असंही कोणी म्हणणार नाही.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय. कंपनीवर तर आहेच. पण तुमच्यावर जास्त.

मी पहिल्यांदा तुमच्यासमोर येऊन बसले तेव्हा ऑफिस कुवेतमध्ये दस्मानच्या बाजूला होतं, एका औषधाच्या दुकानावर. दोन खोल्या, दोन टेबलं, दारावर कोरियन अक्षरांची पाटी. आत तुम्ही आणि मिस्टर चो, आपले पहिले मॅनेजर. मिस्टर चोंनी इंग्रजीत काहीबाही विचारलं. तुम्ही माझा बायोडेटा वाचत होतात. मग एकदम मराठीत म्हणालात, "महाडची काय तू? म्हणजे आमच्याच नदीच्या वरच्या अंगाची. आम्ही बागमांडल्याचे, खाडीच्या तोंडावरचे. तुम्ही वर जे टाकता ते सगळं आमच्याकडे वाहत येतं."

मी म्हणाले, "मग चांगलंच टाकत असू, सर."

"सर नाय. बशीरभाई म्हण." आणि मिस्टर चोंकडे वळून तुम्ही सांगितलंत की ही मुलगी भांडेल, हिला घ्या.

सोलमध्ये कंपनी तेव्हाही मोठी होती असं मिस्टर चो सांगायचे. आपल्याला ते खरं वाटत नसे. इथे तिची सगळी मालमत्ता म्हणजे ती दोन टेबलं आणि तुमची गाडी. काम काय, तर इथल्या पुलांवर आणि वीज केंद्रांवर राबणाऱ्या कोरियन इंजिनिअरांना सुट्टीला घरी पाठवायचं आणि त्यांच्या बायकामुलांना इकडे आणायचं. मिस्टर चो स्वतः विमानतळावर जायचे, लहान मुलांच्या बॅगा उचलायचे. ते म्हणायचे, माणूस आपल्याकडून तिकीट घेत नाही, सुखरूप परत येणं घेतो. तुम्ही ते वाक्य उचललंत ते शेवटपर्यंत सोडलं नाहीत. मिस्टर चो चांगला माणूस होता. कंपनी म्हणजे मिस्टर चो, असं तुम्ही एकदा ठरवून टाकलंत आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

मग एक दिवस ती कुवेती बाई आली, तीन मुलींना घेऊन. मुली टीव्हीवर कोरियन मालिका बघून वेड्या झालेल्या. बाई म्हणाली, "आम्हांला कोरियाला जायचंय. फिरायला." मिस्टर चो चक्क हसले. त्यांच्या देशात कुवेतहून कोणी हौसेने जाईल हे त्यांना पटेना. तुम्ही मात्र हसला नाहीत. खुर्च्या दिल्यात, चहा मागवलात आणि पहिला प्रश्न विचारलात तो असा, की बरोबर आजी येणार का, आणि आजी काय खाते.

त्या आजीमुळे पुढचं सगळं झालं. तुम्हीच त्यांना घेऊन गेलात, आणि सोलच्या मोठ्या हॉटेलात तिने दोन दिवस खजूर आणि पाणी एवढ्यावर काढले. तिसऱ्या दिवशी तुम्ही सरळ हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरलात. कुठल्याशा गल्लीतून डब्यातलं नारळाचं दूध आणलंत, मिरची, चिंच, ताजा मासा आणलात आणि बाह्या सरसावून खाडीकाठचं कालवण शिजवलंत. आजी भात कालवून जेवली. तिने तुमच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, माझा मुलगाही मला असं जेवू घालत नाही. हॉटेलच्या आचाऱ्याने तुमच्याकडून ते शिकून घेतलं आणि आखाती ग्रुप आले की तेच वाढू लागला. पुढे कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत ते छापून आलं. 'आमच्या पाकसंशोधन विभागाने खास आखाती पाहुण्यांसाठी तयार केलेलं.' मी ते पान तुमच्यासमोर आपटलं होतं.

तुम्ही म्हणालात, "अगं, आजी जेवली ना? मग नाव कोणाचं का असेना."

तेव्हा मला ते फार मोठेपणाचं वाटलं होतं. आज वाटतं, तिथेच तुम्हांला गदागदा हलवायला हवं होतं. माणसाने एकदा 'नाव कोणाचं का असेना' म्हटलं की समोरच्याला कळतं, याचं काहीही उचललं तरी चालतं.

आणि उचललंच की सगळं. नमाजाची वेळ पाळणारी बस तुमची कल्पना. बायकांसाठी वेगळी वेळ राखलेली गरम पाण्याची न्हाणीघरं तुमची. घरकामाच्या बाईलाही नीट खाट मिळालीच पाहिजे, ही अटही तुमची. तिच्यावरून तुम्ही एका श्रीमंत गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवलं होतंत. कुवेतवरून रियाध उघडलं, दोहा उघडलं. सोलमध्ये कंपनीने हॉटेलं घेतली, बसगाड्या घेतल्या, लहानसहान एजन्सी गिळल्या. तिथल्या टीव्हीवर मिक्सर विकावेत तशा सहली विकल्या जायला लागल्या. ती शेअरबाजारात गेली तेव्हा मिस्टर चोंनी पेढ्यांसारखे तांदळाचे लाडू वाटले होते. निवृत्त होऊन जाताना मात्र ते विमानतळावर तुमचा हात हातात घेऊन म्हणाले, "बशीर, पोरगी मोठी झाली. आता घरी आली तर ओळखू येणार नाही." 

मग ती साथ आली आणि जगातली सगळी विमानं एकदम खाली बसली. प्रवासावरच जगणारी एवढी अवाढव्य कंपनी, एका आठवड्यात तिला करायला काही काम उरलं नाही. सोलमध्ये निम्मी माणसं बिनपगारी घरी पाठवली, त्यातली बरीच पुन्हा बोलावलीच नाहीत. आपल्यालाही पगार थांबल्याचं कळवलं. आणि तुम्ही काय केलंत? ऑफिसचा फोन स्वतःच्या घराकडे वळवून घेतलात. रद्द झालेल्या सहलींवरून माणसं तुम्हांला शिव्या घालत होती आणि तुम्ही बैठकीत गादीवर बसून प्रत्येकाला शांतपणे सांगत होतात, मी आहे, मी बघतो. तुम्हांला पगार नव्हता, बशीरभाई! मी फोनवर ओरडले तर म्हणालात, "ज्याने आपल्याकडून परत येणं घेतलंय, त्याने फोन केल्यावर उचलायचा नाय होय?"

विमानं परत उडू लागली तेव्हा जी कंपनी परत आली ती वेगळी होती. भाडं परवडत नाही म्हणून दस्मानचं ऑफिस सोडलं आणि आपल्याला अर्दियात, फरशांच्या गोदामावरच्या एका खोलीत नेऊन बसवलं. गिऱ्हाइकं मोबाइलवरच्या अ‍ॅपवर गेली. अ‍ॅपवाल्यांशी टक्कर द्यायची म्हणून सोलने सहलींचे दर इतके पाडले की मी ते बघून म्हणाले, एवढ्यात तर नुसतं विमानाचं तिकीटही येत नाही.  तुम्हांला ठाऊक होतं. उरलेलं दुकानांच्या कमिशनमधून काढायचं होतं. जिनसेंगच्या औषधी मुळ्यांचं दुकान, क्रीम-पावडरीचं दुकान, पाइनच्या तेलाचं दुकान. बस दारात लावायची, माणसं आत न्यायची, दार ओढून घ्यायचं आणि विक्रेत्याचं भाषण संपेपर्यंत कोणाला बाहेर सोडायचं नाही. ज्या कंपनीत मिस्टर चो मुलांच्या बॅगा उचलत होते, त्याच कंपनीत.

तेव्हाच मी तुम्हांला म्हटलं, आपण आपलं काहीतरी काढू. पुन्हा दोन टेबलं, तुमची गाडी. कोणी कुवेती भागीदार बघू. तुमच्या नावावर माणसं येतील.

"कंपनी म्हणजे काय इमारत हाय, नीलू?" तुम्ही म्हणालात. "चो गेले, मी हाय. मी गेलो की तू. माणसं राहिली की कंपनी राहते."

"हे कंपनीला कोणी कळवलंय का?"

तुम्ही हसलात. माझ्या प्रत्येक खऱ्या बोलण्यावर तुम्ही हसत आलात. मला ते हसू आठवलं तरी आत्ता हातातलं काहीतरी फेकावंसं वाटतं.

आता पेंडसे काकांचं सांगते. ते सगळं कुठेतरी नीट, क्रमाने लिहिलेलं असावं म्हणून सांगते.

कुवेतमधल्या मराठी मंडळींच्या आईवडिलांचा तो ग्रुप. मुलांनी हौसेने पाठवलेले, कुणी पेणचे, कुणी साताऱ्याचे. पेंडसे काका निवृत्त शिक्षक, मधुमेही, बरोबर काकू. दुपारचं जेवण जिनसेंगच्या दुकानानंतर होतं आणि दुकानातलं भाषण लांबत चाललेलं. काकूंनी दोनदा सांगितलं, यांना खायला हवं. विक्रेती हसून म्हणाली, आता संपतंच आलंय. काका घामाने भिजले आणि खुर्चीवरून खाली घसरले. तुम्ही बाहेर बसपाशी होतात. काकूंची हाक ऐकून तुम्ही ते ओढलेलं दार खांद्याने ढकललंत, काकांच्या तोंडात साखर घातलीत आणि त्यांना ड्रायव्हरच्या मदतीने उचलून बसमध्ये निजवलंत. ड्रायव्हर म्हणाला, अजून दोन दुकानं आहेत, मला वरून विचारावं लागेल. काकू मला सांगत होत्या, "अगं, एवढा मऊ माणूस, पण त्या वेळी असा आवाज चढवला त्यांनी! म्हणाले, आधी दवाखाना, विचारायचं असेल तर नंतर विचार." दवाखान्यात काका शुद्धीवर येईपर्यंत तुम्ही त्यांच्या पायाशी बसून होतात. बाकीच्यांना हॉटेलवर पाठवलंत. दोन्ही दुकानांच्या भेटी बुडाल्या.

काका वाचले. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, वेळेवर आणलंत.

तिथल्या दुकानवाल्यांच्या ठेकेदाराने तक्रार केली, आणि पुढच्या सोमवारी आपली व्हिडिओ मीटिंग झाली. पडद्यावर दुबईत मिस्टर लिम, मग रियाध, दोहा, आणि सोलच्या मुख्य ऑफिसातली ती बाई, जी दर वेळी असायची आणि कधीच बोलायची नाही. लिमने कागदावरून वाचलं. टूर लीडरने अधिकाराबाहेर जाऊन कार्यक्रम बदलला, कंपनीच्या भागीदाराचं नुकसान झालं, खुलासा करावा. मी मनात म्हटलं, बोला आता. तुम्ही मला फोनवर सगळं सांगितलं होतं, साखरेच्या पुडीपासून.

तुम्ही उठलात. कोटाचं बटण लावलंत. कॅमेऱ्यात पूर्ण दिसावं म्हणून मागे सरलात. आणि कमरेतून वाकलात.

कोरियन माणसं एकमेकांना भेटतानाही मान लववतात. तुम्हीही इतकी वर्षं लववत आलात, त्यात काही नव्हतं, ते नमस्कारासारखं. हे तसं नव्हतं. हे खोल होतं आणि ते संपेचना. "माझी चूक झाली," तुम्ही जमिनीकडे बघून म्हणालात. "पुन्हा होणार नाही." खाली गोदामात फरशा उतरवत होते, त्याचा खडखडाट तेवढा येत होता. तुमच्या मानेवरचे पांढरे केस मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले, कारण तुमची मान मी कधी वरून पाहिलीच नव्हती.

लिम म्हणाला, "थँक यू." आणि पुढचा विषय घेतला.

घरी येताना तुमच्या गाडीत मी दस्मानपर्यंत गप्प होते. समुद्र दिसला आणि माझं तोंड सुटलं.

"माफी कशाला मागितलीत?"

"मागायला सांगितली म्हणून."

"कोणी सांगितली?"

"लिमने. काल फोन आला होता. म्हणाला, मीटिंगमध्ये माफी मागा, मी वर सांगतो मिटलं म्हणून. नायतर कुवेत बंद करायला त्यांना कारणच हवंय."

"मग करू दे बंद!"

"तुझा इथे राहायचा इकामा कोणाच्या नावावर हाय? कंपनीच्या. ऑफिसातल्या त्या दोन पोरांचे? कंपनीचेच. बंद झालं की सगळ्यांनी बॅगा भरायच्या."

"माझ्यासाठी केलंत म्हणून सांगू नका. मला नकोय ते."

"तुझ्यासाठी कोण म्हणतंय? डोक्यावर नको चढू." आणि मग, सिग्नलला थांबल्यावर, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "मी दिवसातून पाच वेळा झुकतो, बाय. त्याच्यासमोर. बाकी कोणासमोरचं झुकणं म्हणजे कसरत. पाठीला बरी."

"कसरत नव्हती ती! एका म्हाताऱ्या माणसाचा जीव वाचवलात आणि त्याची माफी मागितलीत तुम्ही. उद्या दुसरा कोणी टूर लीडर दार ढकलेल का? त्याला वाटेल, बशीरभाईंसारख्या माणसालाही वाकायला लावलं, मी कोण? तुम्ही नुसते स्वतः नाही वाकलात. सगळ्यांना वाकवलंत."

 माझं घर आलं. "यल्ला, उतर," म्हणालात. "शुक्रवारी जेवायला ये. तेव्हा भांडू."

शुक्रवारी भाभींनी पापलेटाचं कालवण केलं होतं आणि तुम्ही भांडू दिलं नाहीत. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पाहुणे होते. मग रमजान आला. मग ईद झाली. तुम्ही त्या भांडणाला तारखा देत गेलात, एखाद्या सरकारी ऑफिसासारख्या, आणि मला वाटत राहिलं की आपल्याकडे वेळ आहे.

गेलात तेही गोदामाच्या त्या जिन्यावरच. सकाळपासून छातीत जड वाटतंय म्हणत होतात, जळजळ असेल म्हणून सोड्याचं पाणी प्यायलात. लिफ्ट बंद. बाहेर गाडीच्या दाराला हात लावता येणार नाही असं ऊन. आणि तुमच्या कानाला फोन. कुणी बाई दोन लहान मुलांना घेऊन सोलच्या विमानतळावर उतरली होती आणि अ‍ॅपवर बुक केलेली गाडी आलीच नव्हती. कंपनीचा मदतीचा नंबर तिला यंत्राच्या आवाजात एक दाबा, दोन दाबा सांगत होता. तिने कुठूनतरी तुमचा नंबर मिळवला. तुम्ही तिला सांगत जिना चढत होतात, "मी आहे, घाबरू नका." मी खोलीत ते ऐकलं. मग ते थांबलं.

गोदामातले आपल्याकडचेच दोघे, गुहागरकडचे, धावत वर आले. एकाने तुमच्या छातीवर हात दाबायला सुरुवात केली. फोन पायरीवर पडला होता आणि त्यातून ती बाई हॅलो हॅलो करत होती. मी तो उचलला. तिला म्हटलं, थांबा तिथेच, गाडी पाठवते. आणि पाठवली. तुम्ही माझ्या पायांशी पडला होतात आणि मी सोलच्या विमानतळावर गाडी पाठवत होते. हे तुम्ही शिकवलंत मला. याबद्दल मी तुम्हांला माफ केलेलं नाही.

दवाखान्यात त्यांनी फार प्रयत्न केले नाहीत. करण्यासारखं उरलं नव्हतं.

भाभी म्हणाल्या, इथेच दफन करू, इतकी वर्षं इथेच काढली त्यांनी. कब्रस्तानाच्या बाहेर आम्ही बायका गाडीपाशी उभ्या होतो. आत जाणाऱ्यांत ते गोदामातले दोघे होते, कामाचे कपडे न बदलता आलेले. त्या पहिल्या कुवेती बाईचा मुलगा होता. दोहाच्या ऑफिसातला एक जण स्वतःच्या खर्चाने आला होता. पेंडसे काका पेणला परतलेले, त्यांनी भाभींना फोन केला आणि फोनवर त्यांना बोलताच येईना. शेवटी काकूंनी फोन घेतला.

पुढच्या सोमवारी मीटिंग होती. लिमने तुमच्यासाठी सगळ्यांना थोडा वेळ शांत बसवलं आणि कागद उचलला. मी म्हटलं, "अजेंड्याआधी मला बोलायचंय. बशीरभाईंनी त्या प्रवाशाला दवाखान्यात नेलं ते बरोबर होतं. त्यांच्याकडून माफी घेतलीत ते चूक होतं. हे कंपनीने म्हणावं."

लिम म्हणाला, "नीलिमा, ही त्याची जागा नाही."

"माफी याच जागी घेतलीत."

 मग ती सोलची बाई, जी कधी बोलली नव्हती, तिने माइक सुरू केला आणि विचारलं, "त्या प्रवाशाचं पुढे काय झालं?" बशीरभाई, इतके महिने झाले, ठेकेदाराची तक्रार झाली, खुलासा झाला, माफी झाली, पण कंपनीतल्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "बरे आहेत. घरी आहेत." तिने मान हलवली आणि माइक बंद केला. लिमने अजेंडा वाचायला घेतला.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "मला तिथे यायचं होतं. परवानगी मिळाली नाही."

"रजा टाकून यायचं होतंत."

 मग म्हणाला की त्याच्या जुन्या विभागातली निम्मी माणसं साथीनंतर गेली, दर पाडले नाहीत तर अ‍ॅपवाले कंपनीला जिवंत ठेवणार नाहीत, आम्हांला काय ती दुकानं आवडतात असं वाटतं का तुम्हांला? आणि शेवटी, हळू आवाजात, "बशीरच्या आधी मी वाकलो होतो. सोलमध्ये. माझ्या वरच्यांसमोर."

"मग ताठ उभं कोण होतं, मिस्टर लिम?"

 मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू. पण दया आली म्हणून राग गेला नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून आहेत.

ज्येष्ठांच्या सहलींतून दुकानं काढायचा प्रस्ताव त्याने वर पाठवलाय म्हणे. उत्तर आलेलं नाही. वसंतातल्या ज्येष्ठांच्या ग्रुपबरोबर मला जायला सांगितलंय. मी कळवलंय की माझी बस दुकानाला थांबणार नाही, चालत नसेल तर दुसरं माणूस बघा. अजून तरी दुसरं माणूस बघितलेलं नाही. म्हणजे मी नोकरी सोडली नाही, बशीरभाई. राहिले. बघा, तुमचंच खरं झालं, आणि त्याचाही मला राग आहे.

काल तुमच्या टेबलावरच्या वस्तू पोचवायला भाभींकडे गेले होते. चष्मा, नमाज पढायची जानमाज, आल्याच्या वड्यांचा अर्धा डबा. तुमची लेक सना दार उघडून 'हाय आंटी' म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. भाभींना मी मीटिंगचं सगळं सांगितलं, लिमला काय म्हणाले ते, आणि त्या दिवशी गाडीत तुम्हांला काय काय बोलले होते तेही. मला वाटलं, त्या म्हणतील, गेलेल्या माणसाला एवढं कशाला बोलायचं.

भाभींनी तुमचा चष्मा पदराने पुसला. मग म्हणाल्या, "तुला त्यांनी सांगितलं नाय?"

"काय?"

"त्या दिवशी घरी आले ते हसतच आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, आज नीलूने मला गाडीत असं झाडलं, असं झाडलं! आपली झुबेदा असती ना, ती असंच बोलली असती मला." झुबेदा तुमची धाकटी बहीण, लहानपणीच गेलेली. माझ्यासमोर तुम्ही तिचं नावसुद्धा कधी काढलं नव्हतं. "दुपारी नुसते पडून राहणार होते बघ, इतकं त्यांना लागलं होतं. पण उठले, जेवले. पुन्हा भात मागून घेतला. आणि मला म्हणाले, तिला सांगू नको हां. डोक्यावर चढून बसेल."

 खाली येऊन गाडीत बसले आणि गाडी सुरूच करता येईना.

लिमला सॉरी म्हणालात. ठेकेदाराला म्हणालात. साथीच्या दिवसांत शिव्या घालणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला म्हणालात. जगात सगळ्यांसाठी तुमच्याकडे शब्द होते. आणि हे एवढं एक वाक्य, माझ्या हक्काचं, ते माझ्या तोंडावर बोलायला तुम्हांला काय झालं होतं? मी चढले असते डोक्यावर. चढू द्यायचं होतं.

जा तुम्ही. मी बोलत नाही तुमच्याशी.